बैठकींचं फॅड आता पुरे!

गंगापूररोडकर
शास्त्रीय गाण्याची बैठक म्हणजे साठ डोकी, सतरंजी आणि 'माइकशिवाय खरं गाणं' म्हणत डोलणाऱ्या माना. नाशकात कालिदाससारखं सभागृह असताना गुडघे मोडून का बसायचं? भिंतीशी बसलेल्याला बंदिशीचे बोल कळत नाहीत, नुसता तबला बडवलेला ऐकू येतो. हा गतकाळाचा उमाळा झाला, संगीत नव्हे.

जवारी
राहवलं नाही म्हणून लिहिते. मोठ्या सभागृहात गाणं कुठे ऐकता, स्पीकर ऐकता तुम्ही! तंबोऱ्याच्या खर्जातून (सगळ्यात खालच्या तारेतून) न छेडता आपोआप निघणारा 'ग', म्हणजे स्वयंभू गंधार ऐकायचा तर दहा-बारा फुटांवर बसावं लागतं. तारेखालचा जवारीचा दोरा केसभर सरकला तरी तार बोलायची थांबते, आणि तेही तिथूनच कळतं. सभागृहात स्पीकरची शिट्टी (फीडबॅक) नको म्हणून तंबोऱ्याचा माइक सगळ्यात आधी दाबतात. शिवाय एसीचा झोत तबल्यावर आला की पुडी (तबल्याचं कातडं) कोरडी पडून सूर चढतो, मग भर विलंबितात, संथ लयीत, सूर उतरवायला हातोडी.

फेडर
ताई, गंधार मान्य. पण तबला वरचढ होतो तो बहुतेक वेळा खोलीमुळे. फरशी आणि समोरासमोर मोकळ्या भिंती असल्या की टाळी वाजवून बघा, झणझण परत येते. सतरंजी-पडदे ही झणझण पितात, डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्याचा घुमारा नाही. त्यात हौसेने कलाकारांना कोपऱ्यात बसवतात, म्हणजे घुमारा आणखी वाढतो. बैठक भिंतीपासून चार फूट पुढे घ्या आणि गळ्याला, म्हणजे गायकाला एक माइक द्या. तबल्याला अजिबात नको.

जवारी
माइकच लावायचा तर बैठक कशाला? मंडपवाल्यालाच बोलवा की.

फेडर
बोलवतातच, आणि तो सहा माइक मांडतो! उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टी न येता आवाज चढवायची जागा ३ डेसिबलने घटते. दोन केले, चार केले की ६ गेले. एकच ठेवा, स्पीकर माइकच्या रेषेपुढे, तोंड श्रोत्यांकडे. लोक यायच्या आधी आवाज चढवत न्या. पहिली शिट्टी येईल तो स्वर ३१ पट्ट्यांच्या इक्वलायझरवर (प्रत्येक पट्टीत वेगळे स्वर कमी-जास्त करता येतात) शोधून ३ डेसिबल खाली घ्या, मग पुढची. दोन-तीन पट्ट्यांवर थांबा. दहा दाबल्या की गळा डब्यातून आल्यासारखा लागतो, आणि मग तुम्हीच 'स्पीकर ऐकतोय' म्हणणार.

पंचवटीकर
दोघांचं चालू द्या. त्या पंख्याच्या रेग्युलेटरचं कोणी बोलेल का? पंखा दोनवर ठेवला की स्पीकरमध्ये भुर्रर्र.

फेडर
पंखा पाचवर किंवा बंद. साउंडची वायर वेगळ्या फेजवरून घ्या. अर्थिंगची पिन मात्र कापू नका, काही बहाद्दर तेही करतात. माइक धरणाऱ्याला शॉक बसला तर मैफल तिथेच संपेल.

गंगापूररोडकर
बघा, एका गळ्यासाठी एवढा खटाटोप! आणि दहा वाजता पोलीस येऊन बंद करणार ते वेगळंच.

जवारी
ध्वनिप्रदूषण नियम, २००० वाचलेत का? रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, पण बंदिस्त सभागृहात आतल्यापुरती सूट आहे. गच्चीवर मांडाल तर पोलीस येणारच. दरबारीसारखा रात्रीचा राग दहाच्या आत उरकायचा हट्ट तुमच्या एसीवाल्यांचाच.

गंगापूररोडकर
आमच्यावर घसरू नका. हिशेबाचं बोला. साठ जण, ३०० रुपये तिकीट, झाले १८,०००. त्यात गायक, तबला, पेटी, जागा, चहा. कलाकाराच्या हातात काय उरतं? 'जवळून ऐकलं' या समाधानाचे पैसे तोच भरतो.

जवारी
हा मुद्दा बरोबर आहे, दुर्दैवाने तुमचा आहे. मग तिकीट ५०० करा आणि फुकट पास बंद करा. पहिल्या रांगेत तेच बसतात आणि मोबाइल उंच धरतात.

फेडर
आणि मोबाइलवरचा तानपुरा स्पीकरला जोडणाऱ्यांचं काय?

जवारी
त्यावर वेगळा धागा काढा. तिथे मी तुमच्या बाजूने भांडेन, फक्त तिथेच.

पंचवटीकर
म्हणजे गळ्याला एक माइक ठरला ना?

जवारी
लावा. कानाला कळणार नाही इतका.