फटकळ लिहू की परखड? शांता आपटे यांच्या ओळखीसाठी शब्द हवाय

विश्वामित्रीकाठ
एका शब्दावर गाडी अडलीये म्हणून विचारतेय. इथे बडोद्यात आम्ही काही मराठी बायका मिळून जुन्या नट्यांवर एक संध्याकाळ करतोय, फोटो, गाणी, आणि प्रत्येकीची चार ओळींची ओळख, मराठीत आणि शेजारी गुजरातीत. माझ्या वाट्याला शांता आपटे आल्या. मी लिहिलं, 'प्रभात फिल्म कंपनीची गाजलेली गायिका-नटी, फटकळ बाई आणि "जाऊ मी सिनेमात?"ची लेखिका'. झालं! आमच्यातल्या एका काकूंनी फटकळवर लाल रेघ मारली, म्हणाल्या गेलेल्या माणसाला कोणी शिवी देतं का. आता आमच्या आजोळी ही शिवी कधीच नव्हती, आजी माझ्या मावशीबद्दल 'फटकळ आहे पण पोटात काही ठेवत नाही' असं कौतुकानेच सांगायची. गुजराती मजकूर लिहिणाऱ्या बेनने 'आखाबोली' लिहून दिलं आणि ती मोकळी झाली, मी मात्र अजून बसलेय. फटकळ ठेवू का?

जुनाट
काकूंचं बरोबर आहे. तुमच्या आजींच्या वाक्यातच उत्तर आहे बघा, 'फटकळ आहे *पण*'. चांगल्या शब्दाला 'पण' लावावा लागत नाही. 'सुगरण आहे पण पोटात काही ठेवत नाही' असं कोणी म्हणतं का? फटकळचा शेजार शिवराळ आणि तोंडाळ यांचा आहे. सरळ 'स्पष्टवक्ती' लिहा.

मांडवीकर
स्पष्टवक्ती म्हणजे शाळेच्या दाखल्यावरचा शेरा वाटतो हो. 'मुलगी स्पष्टवक्ती व नियमित आहे.'
फटकळ मला तरी फटीवरून आलेला वाटतो. दाराला फट असली की आतलं सगळं बाहेर ऐकू येतं, तसं हिच्या तोंडाला फट. कोशात मिळेल न मिळेल, मला पटलंय.

जुनाट
तुम्हाला पटलं म्हणजे व्युत्पत्ती होत नाही. 'फट म्हणता ब्रह्महत्या' यातला फट घ्या की मग, तो निदान तोंडातून निघणारा तरी आहे.

सराफ्यातली
इंदूरहून. आमच्याकडे मराठी घरातसुद्धा सर्रास 'मुंहफट' म्हणतात, आई तर 'किती मुंहफट झालीस गं' असं अर्ध्या हिंदीतच ओरडायची. तेव्हा फटकळमधला फट आणि मुंहफटमधला फट एकच असणार असं मी लहानपणापासून धरून चाललेय.
पण मला वेगळंच म्हणायचंय. पुरुष तसाच बोलला की परखड, रोखठोक, सडेतोड, आणि बाई बोलली की फटकळ, तोंडाळ, आगाऊ. विश्वामित्रीकाठ, तुम्ही परखड लिहा आणि विषय संपवा.

जुनाट
हे दर चर्चेत येतं आणि दर वेळी अर्धंच खरं असतं. दुर्गा भागवतांना कोणी फटकळ म्हटलं? १९७५ ला कराडच्या संमेलनात अध्यक्ष असताना आणीबाणीविरुद्ध बोलल्या, त्यांना सगळा महाराष्ट्र परखडच म्हणतो. जन्म तुमच्याच इंदूरचा, १९१० चा. आणि 'फटकळ म्हातारा' गल्लोगल्ली सापडतो.

सराफ्यातली
दुर्गाबाई विदुषी होत्या, त्यांना परखड म्हणणं सोपं. नटीला म्हणून दाखवा! माझा मुद्दा तोच आहे.

प्रभातवेडा
शब्द ठरवण्याआधी बाई काय होत्या ते तरी बघू या का? जन्म सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीचा, गाणं लहानपणापासून, १९३२ च्या श्यामसुंदरमध्ये राधा, मग १९३४ ला अमृतमंथन, तो प्रभातचा कोल्हापूरहून पुण्याला आल्यावरचा पहिला सिनेमा. १९३७ चा कुंकू तर सगळ्यांना ठाऊकच आहे. मामाने फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा, जी शेवटपर्यंत त्याला नवरा मानायला तयार होत नाही. वकील झालेले केशवराव दाते समोर उभे असताना ही पोरगी नजर खाली घेत नाही, आणि मधेच लाँगफेलोची इंग्रजी कविता चक्क गाऊन दाखवते, तीसुद्धा मराठी सिनेमात! तेव्हा गाणी सेटवर गाताना नटनट्या हात बांधून उभ्या राहायच्या, ही बाई हातवारे करत, डोळे फिरवत गायची.
आणि पडद्याबाहेर? १९३९ ला कराराच्या भांडणावरून प्रभातच्याच फाटकाशी उपोषणाला बसली. फिल्मइंडिया मासिकाच्या बाबूराव पटेलांनी काहीबाही छापलं म्हणून त्यांच्या ऑफिसात जाऊन छडीने झोडल्याचा किस्सा तर जुने लोक रंगवून रंगवून सांगतात. १९४० ला पुस्तक. १९४१ ला तमिळ शिकून सावित्री केला, त्यात नारद कोण, तर एम. एस. सुब्बुलक्ष्मी. १९६४ ला गेल्या. आता ह्यात *बोलणं* कुठंय सांगा. फटकळ, परखड, स्पष्टवक्ती, आखाबोली, सगळे तोंडाचे शब्द. जी बाई उपाशी बसते, छडी उचलते आणि पुस्तक लिहिते तिला तोंडाचा शब्द पुरतच नाही. मी म्हणतो खमकी लिहा.

मांडवीकर
खमकी! वा. हा तर आखाड्यातला शब्द. 'खम ठोकून उभा राहिला' म्हणतो ना आपण, त्यावरूनच खमका आणि खमकी. लहानपणी दांडिया बाजारात माणिकरावांच्या आखाड्यात जायचो तिथे वस्ताद म्हणायचे, पोरगा खमका आहे. काकूंना सांगा हा पैलवानांचा शब्द आहे, मान राहतो.

जुनाट
खम फारसी, आणि त्याचा खमक्याशी संबंध तुम्ही आत्ता जोडलात. शिवाय खमकी ही शेजारची काकू असते, सोसायटीच्या मीटिंगमधली. लेखी परिचयात बसत नाही. निर्भीड घ्या, शुद्ध आहे, भारदस्त आहे.

विश्वामित्रीकाठ
निर्भीडचा विचार केला होता. घरातच आपटला. भाची गुजराती मीडियमची, तिने वाचून विचारलं, 'मामी, निर्भीड म्हणजे गर्दी नसलेली?' इथे भीड म्हणजे गर्दीच ना, मांडवीत दिवाळीला असते ती. मराठीतली भीड, भिडस्तपणा, भीडभाड, हे सगळं तिला माहीतच नाही. आणि कार्यक्रमाला निम्मी पोरं तिच्याच वयाची असणार.

सराफ्यातली
😄 इंदूरातही तेच! निर्भीड अभिनेत्री, जिच्या सिनेमाला गर्दी झाली नाही ती.

जुनाट
मुलांना येत नाही म्हणून शब्द टाकायचा, मग उद्या 'बिनधास्त' लिहाल.

मांडवीकर
का नाही लिहायचं? बिनधास्तमध्ये धास्ती आहे, धास्ती आपलीच.

जुनाट
धास्ती दहशतीवरून. बिनही बाहेरचा. तुमचं त्यात काय उरलं?

मांडवीकर
मग 'अभिनेत्री परखड आहे' ह्यातलं 'आहे' तेवढं ठेवतो, चालेल? मघाशी तुम्हीच 'शिवाय' लिहिलंत, तो पण तपासून घ्या.

पोळीभाजी
मी इथे नेहमी फक्त वाचते. एक विचारायचं होतं, आखाबोली हा शब्द कोणीच धरला नाही? आखा म्हणजे अख्खा. अख्खं बोलणारी, अर्धं गिळून न टाकणारी. माझ्या सासरी (आम्ही तिसऱ्या पिढीचे बडोदेकर) सगळे वापरतात, 'ती जरा आखाबोली आहे' असं मराठीतच. त्यात शिवीही नाही आणि भाषणही नाही. सरळ मराठीत पण तोच लिहिला तर काय बिघडलं?

जुनाट
बिघडलं एवढंच की पुण्याच्या माणसाला कळणार नाही.

पोळीभाजी
कार्यक्रम बडोद्यात आहे ना पण?

प्रभातवेडा
ह्याला माझं अनुमोदन. खमकी नाहीतर आखाबोली.

सराफ्यातली
मला आखाबोली आवडला, पण मग सांगलीहून आलेल्या पाहुण्यांना कोण समजावणार? खाली तळटीप देणार का?
अजून एक. लेखिका म्हणायचं का त्यांना? एकच पुस्तक आहे.

प्रभातवेडा
एक तर एक! सिनेमात जाऊ बघणाऱ्यांना ह्या धंद्याची आतली बाजू दाखवणारं, पैसा कोणाचा आणि राबतं कोण हे मांडणारं पुस्तक, १९४० ला, आणि तेही चालू नटीने. उतारवयात आठवणी सांगणं वेगळं, ऐन कामाच्या दिवसांत मालकांच्या तोंडावर लिहिणं वेगळं. नटी हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' ह्या आत्मकथनाचं मोल कमी नाही, पण ते त्यांनी सांगितलं आणि अरुण साधूंनी शब्दांत उतरवलं. शांता आपटेंच्या पुस्तकाचं नाव बघा, शेवटी प्रश्नचिन्ह आहे. जाऊ मी सिनेमात? आज एखादी नटी काम चालू असताना असं नाव देईल? लेखिकाच म्हणा.

जुनाट
'आपटेंच्या' नव्हे, आपट्यांच्या. गोखले, गोखल्यांचा. आपटे, आपट्यांचा. निदान शब्दचर्चेत तरी सामान्यरूप पाळा.

प्रभातवेडा
आपट्यांचं पुस्तक म्हटलं की दसऱ्याचं झाड डोळ्यासमोर येतं राव. आडनाव आहे ते, त्याला हात कशाला लावायचा.

मांडवीकर
बरोबर. उद्या 'रानड्यांचा रोड' म्हणाल.

जुनाट
रानड्यांचा रस्ता म्हणतच होते. आपल्याच आज्या-पणज्या 'लेल्यांकडे हळदीकुंकू' म्हणायच्या, लेलेंकडे नाही. आडनावाला हात लावायचा नाही हे इंग्रजी शाळांनी शिकवलं.

पोळीभाजी
आमच्याकडे अजूनही लेल्यांकडेच म्हणतात 🙂 पण 'शांता आपट्यांचं' मात्र कानाला खटकतं, का कोण जाणे. नुसतं 'आपट्यांचं' ठीक वाटतं, पुढे नाव लागलं की बिघडतं.

जुनाट
खटकत नाही. सवय गेलीये.

सराफ्यातली
बाईच्या आडनावाला अनेकवचन लावताना मुळात ते माहेरचं की सासरचं, हा प्रश्न येतो. 'आपट्यांचं' म्हटलं की अख्खं खानदान आलं, आणि पुस्तक तर एकटीचं आहे.

मांडवीकर
आता हे नवीन. आदरार्थी अनेकवचनाला खानदान लागतं होय? मग 'टिळकांचा केसरी' कोणाकोणाचा?

विश्वामित्रीकाठ
अहो मंडळी, मजकूर उद्या सकाळी छापायला जायचाय. फटकळ, परखड, खमकी, आखाबोली, एक काहीतरी सांगा.

जुनाट
आधी ते 'शांता आपटेंनी लिहिलेलं' असेल तर 'आपट्यांनी' करून घ्या, मग बघू.