सेंट थॉमसलाच कॅथेड्रल का म्हणतात?

मीनल_गोरेगाव:
परवा मुलाला फोर्ट दाखवायला नेलं होतं. हॉर्निमन सर्कलपाशी जोराचा पाऊस आला म्हणून सेंट थॉमसमध्ये शिरलो. मुलगा सातवीत आहे. म्हणाला, कुलाब्याच्या अफगाण चर्चचा मनोरा किती उंच, तरी त्याला कुणी कॅथेड्रल म्हणत नाही, मग याला का? मला सांगता आलं नाही. आत एका बिशपांचा संगमरवरी पुतळा आहे, पहुडलेला. ते कोण?

भायखळ्याचे काका:
मीनलताई, मुलाने नेमकं विचारलंय. कॅथेड्रल उंचीवर ठरत नाही. बिशप म्हणजे एका मोठ्या प्रदेशातल्या सगळ्या चर्चचा प्रमुख. त्याची खुर्ची जिथे, ते कॅथेड्रल. हे चर्च १७१८ च्या नाताळात उघडलं, पण मुंबईला स्वतःचा बिशप मिळाला थेट १८३७ साली. ते थॉमस कार, पुतळा त्यांचाच.

तोवर सगळा कारभार कलकत्त्याच्या बिशपकडे. एकट्या माणसाकडे अख्खा हिंदुस्थान, सिलोन, वर ऑस्ट्रेलियासुद्धा! रेजिनल्ड हेबर १८२३ साली त्या जागेवर आले. जून १८२४ ला कलकत्त्याहून नावेने गंगेतून निघाले, पुढे दिल्ली, राजपुताना, गुजरात करत एप्रिल १८२५ ला मुंबईत पोचले. दहा महिने रस्त्यात! पत्नी आणि थोरली मुलगी समुद्रमार्गे इथे येऊन भेटल्या. पुण्याच्या कॅम्पातलं सेंट मेरीज त्यांनीच त्या वर्षी समर्पित केलं.

३ एप्रिल १८२६ ला त्रिचनापल्लीत त्यांनी सकाळी तमिळ मंडळींना दृढीकरण दिलं (बाप्तिस्मा झालेल्यांच्या डोक्यावर बिशप हात ठेवून आशीर्वाद देतात, तो विधी), आशीर्वादही तमिळमध्ये म्हटला. परत येऊन स्नानाच्या हौदात उतरले आणि तिथेच गेले. वय ४२. मला हे वाचताना दर वेळी भरून येतं. माझं दृढीकरण चौदाव्या वर्षी झालं. बिशपांचे गरम तळहात डोक्यावर होते आणि शब्द मराठीत. घरी आई ज्या भाषेत रागवायची त्याच भाषेत देवाचा आशीर्वाद मिळाला, हे मी कधी विसरलो नाही. त्रिचीच्या त्या लोकांनाही तसंच वाटलं असेल.

१८२२ ते १८३१ एवढ्या काळात कलकत्त्याचे चार बिशप वारले. मग मद्रासला १८३५ मध्ये आणि आपल्याला १८३७ मध्ये वेगळे बिशप मिळाले.

दादरचा_सुहास:
काका, छान लिहिलंत. चर्चगेट हे नावही याच चर्चवरून. किल्ल्याचा तो दरवाजा इकडे उघडायचा.

मीनल_गोरेगाव:
काका, मुलाला सगळं वाचून दाखवलं. पुन्हा जाऊया म्हणतोय, आता त्याला खुर्ची बघायचीय. आम्ही घाईत पुतळ्यापाशीच थांबलो. ती नेमकी कुठे आहे?

भायखळ्याचे काका:
वेदीच्या बाजूला जा. आत पाय ठेवण्याआधी तिथे जो कुणी असेल त्याला विचारा, आणि मुलालाच विचारू द्या.