‘थिन’ आणि ‘तनु’: नातं की योगायोग?

भाचीसाठी ‘तन्वी’ हे नाव सुचलं म्हणून अर्थ पाहिला, तर ‘सडपातळ बांध्याची’. तनु म्हणजे शरीर एवढंच मला ठाऊक होतं. ‘बारीक’ हाही त्याचा अर्थ आहे हे तेव्हा कळलं. इंग्रजीतला ‘थिन’ या ‘तनु’वरूनच गेला, असं एकाने ठामपणे सांगितलं. खरं आहे का? आणि ‘स्लिम’चं मूळ काय?

– ताई, नातं आहे, पण आई-लेकराचं नाही, भावंडांचं. दोघांचा पूर्वज एकच, ‘ताणणे’ या अर्थाचा प्राचीन धातू. संस्कृतात तो ‘तन्’ झाला. ताणलं की वस्तू बारीक होते, म्हणून तनु. लॅटिनमध्ये ‘टेनुइस’, जर्मनमध्ये ‘ड्युन’. मूळच्या ‘त’चा इंग्रजीच्या घराण्यात ‘थ’ झाला: त्रि–थ्री, तृषा–थर्स्ट. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ साली हा नियम सविस्तर मांडला. ‘थिन’ त्या नियमात चपखल बसतो, म्हणजे तो उसना नाही, त्या घरचाच आहे. उसने आले ते ‘टेन्शन’ आणि ‘टेंट’. लॅटिनकडून आल्यामुळे त्यांचा ‘ट’ टिकला. म्हणजे आपण ‘ताण आलाय’ म्हणा की ‘टेन्शन आलंय’, धातू तोच! गवयाची तान आणि विणकराचा तंतूही त्यातलेच. मला तर हे कुटुंब फार आवडतं.

– ‘स्लिम’ची गोष्ट अगदी निराळी. तो सतराव्या शतकात डचमधून आला. तिथे मूळ अर्थ तिरका, वाकडा. त्याचा जर्मन भाऊ ‘श्लिम’ आजही ‘वाईट’ या अर्थाने वापरतात, तर आजच्या डचमध्ये ‘स्लिम’ म्हणजे हुशार! कौतुकाचा अर्थ त्याला इंग्रजीत मिळाला. ‘स्लिम चान्स’मध्ये मात्र कौतुक नाही, तिथे तो नुसता ‘जेमतेम’.

‘स्किनी’तला ‘स्किन’ व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतला. इंग्रजांनी कातडी पाहिली, आपण ‘हडकुळा’ म्हणताना हाडं पाहिली.

– आणि सडपातळ, डौलदार या अर्थाचा ‘स्वेल्ट’? तो फ्रेंचमार्गे आलेला इटालियन ‘स्वेल्तो’, म्हणजे उपटून, ओढून काढलेला. धातू वेगळा, पण कल्पना पुन्हा ताणण्याचीच.

– अरे वा! सुट्टीत घरी गेलं की आजी आधी गालावरून हात फिरवायची आणि म्हणायची, ‘चेहरा किती ओढलाय गं तुझा!’