मदत हवी आहे: खिशातला चाकू दोन दिवसांत लाल पडतोय, चांगला कोणता घेऊ? (अर्जंट)

द्राक्षवाला_तासगाव
नमस्कार मंडळी. या चाकूनं वैताग आणलाय. घासूनपुसून ठेवला तरी दोन दिवसांत पात्यावर लाल थर चढतो. धार पण टिकत नाही. व्हिडिओत ते शिकारीचे चाकू दाखवतात ना, लाकूड तासा, दोर कापा, काही होत नाही, तसला पाहिजे. फक्त नाव सांगा, आज रात्री ऑर्डर टाकतो.

सह्यभटका
घडीचा की सरळ पात्याचा? बजेट? आत्ताचा कोणता आहे? फोटो टाक.

द्राक्षवाला_तासगाव
फोटो कशाला, चाकूसारखा चाकू आहे. शेतात लागतो. सुतळी, ठिबकची नळी, खताची पोती. नाव सांगा.

सह्यभटका
बरं. मग ओपिनेल आठ नंबर घे. फ्रान्सचा आहे, पातं साडेआठ सेंटिमीटर, वजनाला काहीच नाही. बिजागरीपाशी कडी असते, ती फिरवली की पातं बोटांवर मिटत नाही. माझा वासोटा, सज्जनगड सगळं फिरून आलाय. स्टेनलेसवाला घे, कार्बनवाला गंजतो.

कोयनाकाठ
लाकडी मूठ पावसात फुगते हे पण सांगा की राव. पाटणच्या पावसात माझा ओपिनेल पक्कड लावून उघडायला लागला होता. आणि कार्बनला उगीच नावं ठेवू नका. लोहाराकडून गाडीच्या कमानपाट्याचा करून घ्या, तेलात पाणी दिलेला, म्हणजे लालबुंद तापवून तेलात बुडवून कडक केलेला. पाचशे रुपड्यात जन्माचं काम.

सह्यभटका
कमानपाट्यात जादू नसते. पाणी जास्त झालं की धारेच्या खपल्या उडतात, कमी झालं की धार मुडपते. सगळं त्या लोहाराच्या हातावर.

कोयनाकाठ
मग फ्रान्समध्ये काय देव बसून पाणी देतो काय?

पाजवणारा
भांडा तुम्ही. तासगावकर, धार लावता कशावर? ग्राइंडरवर ना? तिथंच घोळ आहे. ठिणग्या उडून कोर निळी पडली की पाणी उतरलं, मग किती लावा, टिकणार नाही. हजार ग्रिटचा दगड घ्या, पाण्यात भिजवा, पातं वीसेक अंशांत धरून सावकाश ओढा, शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर दहा हात.

द्राक्षवाला_तासगाव
ग्राइंडरवरच लावतो, सावकाश ओढायला वेळ कुणाला आहे? आणि निळं नाही हो, लाल आहे. लाल. वर लिहिलंय.

आजी_विश्रामबाग
विळीची सर कशालाच नाही. मेथी असो, फणस असो. आमची लोखंडी विळी सासूबाईंच्या वेळची आहे, चिंच लावून घासायची, कोरडी करून खोबरेल तेलाचा हात फिरवायचा. आता सुना सुरीनं कांदा चिरतात आणि बोट कापलं म्हणून पट्टी मागतात.

कोर्टाची_पायरी
ऑर्डरच्या आधी हे वाचा. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्र नियमांत येतं. शेतीची आणि घरगुती अवजारं त्यातून वगळलेली आहेत, पण 'शिकारीचा' म्हणून विकलेला सुरा शेतीचा आहे हे पटवणार कुणाला? शिवाय जिल्ह्यात सणासुदीला पोलीस कायद्याच्या कलम ३७(१) चा, म्हणजे हत्यारं जवळ बाळगायच्या बंदीचा, आदेश लागू असला तर छोटी सुरी घेऊन बाजारात फिरलात तरी अडचण. आणि शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद आहे.

द्राक्षवाला_तासगाव
अहो शिकार कोण करतंय!

मिरजकर
विषय निघालाच आहे तर, आमच्या आजोबांचा शिकारीचा सुरा आहे घरात. सांबरशिंगाची मूठ. किती येतील?

कोर्टाची_पायरी
सांबरशिंगाची खरेदी-विक्री बंद आहे. हा मेसेज आधी काढून टाका.

जुना_बागायतदार
तासगावकर, लाल म्हणजे कसा लाल? गंजासारखी भुकटी, का तांब्याच्या गडव्यासारखा चकाकतो? आणि हा चाकू औषधात जातो का?

द्राक्षवाला_तासगाव
आता तुम्ही विचारल्यावर पाहिलं. चकाकतोय, तांब्यासारखाच. औषधात म्हणजे, बोर्डो, ते मोरचूद-चुन्याचं बुरशीचं औषध, ढवळायला कधी काठी नाही सापडली तर चाकू घालतो, आणि ब्लोअरची जाळी त्यानंच खरवडतो. दावण्या रोगाच्या भीतीनं सध्या आठवड्याला फवारणी चालू आहे. चाकू खरसुंडीच्या यात्रेतला, लोहाराच्या हातचा. त्याचा काय संबंध?

जुना_बागायतदार
लेका, हे सगळं पहिल्या ओळीत लिहायचं. तो गंज नाहीच, तांबं आहे. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, त्याच्या पाण्यात लोखंड घातलं की लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी तांबं बसतं. धारेची कोर सगळ्यात पातळ, म्हणून तीच आधी खाल्ली जाते. पोलादाचा काही दोष नाही.

पण चाकू राहू दे बाजूला. आम्ही पूर्वी बोर्डो झाल्यावर मुद्दाम घासलेला विळा बुडवून बघायचो. लाल झाला तर समजायचं चुना कमी पडला, तांबं मोकळं राहिलंय. तयार बोर्डोत तुझा चाकू लाल होतोय म्हणजे तू तेच पानांवर मारतोयस. पानांच्या कडा बघ.

द्राक्षवाला_तासगाव
कडा जळाल्यात. पण दुकानदार म्हणाला पालाश कमी पडतंय, शून्य शून्य पन्नास खताच्या दोन बॅगा दिल्या त्यानं. चुना बरोबर घालतो हो काका, शंभर लिटरला किलो मोरचूद, किलो चुना.

जुना_बागायतदार
चुना कधीचा?

द्राक्षवाला_तासगाव
गेल्या वर्षीची गोणी आहे. तोंड उघडं होतं.

जुना_बागायतदार
हवा लागून मेला तो. वजनाला किलो भरतो, कामाला अर्धाही नाही. ताजा कळीचा चुना आण, आदल्या रात्री विरवून ठेव, चुन्याचं दुधाळ पाणी ढवळून गाळून घे. निळा लिटमस कागद बुडव, लाल झाला तर आणखी चुना. प्लॅस्टिकच्या पिंपातच कर. आणि त्या चाकूनं पेरूबिरू कापून खात असशील तर आजपासून बंद.

पाजवणारा
लाल थर बारीक पॉलिश पेपरनं जाईल. खड्डे पडले असतील तर दगडावर खाली काढावे लागतील. ग्राइंडर नको!

द्राक्षवाला_तासगाव
आज ताजा चुना आणला. जुन्या चुन्याच्या बोर्डोत कागद लगेच लाल झाला, नव्यात निळाच राहिला. चाकू दोन्हीत बुडवून पाहिला, काकांचं शंभर टक्के खरं. पालाशच्या बॅगा दुकानदार परत घेत नाही म्हणतोय. पेरूचं घरी सांगितलं नाही.

ओपिनेल मात्र त्याच रात्री मागवला होता, घाईत कार्बनवाला दाबला गेला. परत पाठवू का?

कोयनाकाठ
ठेव की!

सह्यभटका
पाठव परत.