रुवेन्झोरी पर्वतरांगेतील पदभ्रमणासाठी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. युगांडा आणि काँगो यांच्या सीमेवरील रुवेन्झोरी पर्वतरांगेत येत्या जानेवारीत, म्हणजे तिथे पाऊस त्यातल्या त्यात कमी असताना, जाण्याचा आम्हा कोल्हापूरच्या काही मित्रांचा विचार आहे. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ असूनही ५,१०९ मीटर उंचीच्या मार्गेरिटा शिखराजवळ आजही हिमनदी आहे. ती झपाट्याने आक्रसत चालल्यामुळे हा बेत आणखी लांबवू नये, असे मला मनापासून वाटते.

पन्हाळा ते पावनखिंड वाटेवरील पावसाळी चिखल आमच्या अंगवळणी पडलेला आहे. तिथे मात्र महाकाय लोबेलिया या वनस्पतींमधून जाणाऱ्या दलदलीत दिवसचे दिवस रबरी गमबूट घालून चालावे लागते. असे बूट येथूनच वापरून सैल करून न्यावेत की कासेसे गावात घ्यावेत, आणि पाय सोलू नयेत म्हणून आपण काय करता?

खरी काळजी विरळ हवेची आहे. कळसूबाईसुद्धा १,६४६ मीटरच असल्याने सह्याद्रीत त्याचा सराव होऊ शकत नाही. तेव्हा आधी हिमालयातील एखादी मोहीम करणे आवश्यक आहे का? किलेंबेकडून जाणारी वाट आणि न्याकालेंगिजाहून निघणारी जुनी वर्तुळाकार वाट, यांपैकी सावकाश उंची गाठण्यासाठी कोणती बरी?

पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. कोल्हापूरकरांना त्यासाठी कोणते केंद्र सोयीचे पडते, हेही कृपया कळवावे.