स्मार्टवॉचची बॅटरी टिकवायला तुम्ही काय काय बंद केलंत?

खोक्यावर १४ दिवस लिहिलं होतं, माझ्या हातावर ५ भरले. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "साहेब, नुसती वेळ बघितली तर चौदा." ऑलवेज-ऑन (स्क्रीन सतत पेटती ठेवणारी सोय) बंद केल्यावर गाडी ८ वर आली. पांढरं डायल काढून काळं लावलं, कारण अमोलेड स्क्रीनमध्ये काळा भाग पेटतच नाही. तुमचं सांगा. कंपनीचे आकडे नकोत, मनगटावरचे हवेत.

•

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन. फोन गाडीत ठेवला आणि घड्याळातल्या ई-सिमच्या (आतच बसवलेल्या सिमच्या) नेटवर गाणी लावून निघालो, जीपीएस चालूच. यवतेश्वरचा घाट चढून परत फिरलो आणि १७व्या किलोमीटरला स्क्रीन गुल! पाय २१ धावले, नोंद १७ची. बायको म्हणाली, उरलेले ४ उद्या धावून या.

मी जीपीएसला शिव्या घालत होतो. पुढच्या लांब रनला गाणी घड्याळातच उतरवून घेतली, सिम बंद ठेवलं, तर तेवढ्याच अंतराला निम्म्याहून जास्त चार्ज शिल्लक. खरा चोर सिम होता. घाटात रेंज नसली की ते टॉवर शोधत बसतं आणि बॅटरी पिऊन टाकतं.

•

माझं दुपारपर्यंत २० टक्के उतरायचं, सुट्टीच्या दिवशी तर जास्तच. कळेना. एकदा पोळ्या लाटताना लक्ष गेलं: लाटणं पुढे-मागे झालं की मनगट वळतं, स्क्रीन पेटते. एका पोळीला तीन-चारदा! त्यात सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरवरून भांडण, म्हणजे थरथर वेगळी. मनगट उचलल्यावर स्क्रीन लागण्याची सोय बंद केली, ग्रुप म्यूट केला. आता बटण दाबून बघते. पिठाचा हात लागतो, पण चालतंय.

•

अॅपलवाल्यांनी इथे बोलायचं की नाही? आमच्या नेहमीच्या मॉडेलांना कंपनीच २०२५पर्यंत १८ तास म्हणायची, त्यामुळे अपेक्षाभंग नाही. २०१९च्या सिरीज ५मध्ये ऑलवेज-ऑन आलं तरी आकडा तोच राहिला. रोज आंघोळीला जाताना चार्जिंगला लावायचं, विषय संपला.

•

मी नर्स आहे, शिफ्ट बदलत्या. झोपेची नोंद हवी म्हणून रात्री घालून झोपायचे, वर रात्रभर ऑक्सिजन मोजणंही चालू. एका पहाटे घड्याळ मेलं, गजर वाजलाच नाही, ड्युटीला पाऊण तास उशीर. मेट्रन काय बोलल्या ते लिहीत नाही. ऑक्सिजन तेव्हाच बंद केला. दिवसभर पेशंटचा तोच मोजते, स्वतःचा कशाला? हार्ट रेट ठेवलाय. गजर आता फोनवर.

•

धागाकर्ता: पोळ्यांचं वाचून मीही मनगटाची सोय बंद केली. एक दिवस वाढला खरा. पण स्कूटरवर वेळ बघायची तर दुसरा हात हँडलवरून सोडावा लागतो. काल सिग्नलच्या आधी डुगडुगलो. परत चालू केली.