पन्नाशीचा डिलक्स बॉक्स १४,००० ला: घ्यावा का?

रंकाळा_३३
सत्तरच्या दशकातल्या एका इंग्लिश रॉक अल्बमचा ५० वर्षांचा बॉक्स आलाय. चार एलपी (पहिलीवर मूळ अल्बम, बाकीच्यांवर डेमो, म्हणजे गाण्यांची कच्ची रेकॉर्डिंगं), जाडजूड पुस्तक, पोस्टर, वर ‘१८० ग्रॅम’, म्हणजे जाड वजनदार रेकॉर्ड, असा स्टिकर. त्यातली पहिली एलपी सुटी, नव्याने छापलेली, २,८०० ला मिळते. कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) व्हीएम९५ई आहे. ऑनलाइनच मागवायचंय, आधी ऐकायची सोय नाही. आवाजात खरंच फरक आहे, की पैसे खोक्याचेच?

सुई_आणि_खाच
१८० ग्रॅमवर भुलू नका. खाच तेवढीच असते, फक्त रेकॉर्ड हाताला भारदस्त लागते.

लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स नंबर बघा. डिस्कॉग्स या रेकॉर्डच्या वेबसाइटवर दोन्ही आवृत्त्यांचे नंबर लोकांनी टाकलेले असतात. बॉक्समधली पहिली एलपी आणि सुटी एलपी, दोन्हींचा नंबर एकच निघाला तर कटिंगही, म्हणजे छपाईसाठी मूळ तबकडीवर कापलेली खाचही, एकच. मग वरचे ११,२०० रुपये डेमो, पुस्तक आणि पोस्टरचे. नंबर वेगळा असेल तर कटिंग कुणी केलं ते शोधा. बऱ्याचदा आद्याक्षरं तिथंच कोरलेली असतात.

एका बाजूला किती मिनिटं आहेत तेही मोजा. २२ च्या वर गेली की आवाजाची पातळी उतरवावी लागते. शेवटच्या गाण्यात ‘स’ फाटतो तो वेगळ्या कारणाने: लेबलजवळ एका फेऱ्यात सुईखालून जाणारं अंतर बाहेरच्या कडेच्या निम्म्याहूनही कमी असतं. तोच अल्बम मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाने दोन तबकड्यांवर कापला असेल, तर त्यासाठी जादा पैसे मोजायला हरकत नाही.

‘मूळ टेपवरून’ हे शब्दही तपासून घ्या. २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटी या रेकॉर्ड कंपनीच्या महागड्या आवृत्त्यांत मध्ये डिजिटल टप्पा असल्याचं उघड झालं. आवाज वाईट नव्हता. सांगितलं नव्हतं, ही तक्रार.

गुजरी_कट्टा
भावा, आधी सुईचा दाब बघ. व्हीएम९५ई ला २ ग्रॅम, १.८ ते २.२ चालतं. गुजरीत सोनं तोलतात तसला ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा पुरे, पण वरची ताटली लोखंडी नको. कार्ट्रिजमधलं चुंबक तिला ओढतं आणि आकडा खोटा येतो. सुई टेकते ती जागा रेकॉर्डच्याच उंचीवर हवी. दाब कमी ठेवला की रेकॉर्ड जपली जाते हा गैरसमज. सुई खाचेत उडते आणि भिंती खरवडते.

त्याच कार्ट्रिजवर मायक्रोलिनियर (बारीक टोकाची) सुई नुसती ओढून बदलता येते. बॉक्सआधी तिचा भाव काढ. शेवटच्या गाण्यातली फाटाफाट तिने बरीच कमी होते, आणि तीही घरातल्या सगळ्या रेकॉर्डवर.

भैरवी_७८
सगळे वर्धापन बॉक्स खोक्याचे नसतात. व्हॉयेजर अंतराळयानांवरची सोनेरी तबकडी १९७७ ची. ती पहिल्यांदा एलपीवर आली ती ओझ्मा रेकॉर्ड्सच्या ४० व्या वर्षाच्या तीन एलपींच्या बॉक्समध्ये, त्यामुळे तिथं तुलनेला आधीची स्वस्त एलपीच नव्हती. त्या मांडणीला ग्रॅमीही मिळालं. आपल्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकरांची भैरवी त्यात आहे, पण जेमतेम साडेतीन मिनिटं. केवळ तेवढ्यासाठी घेऊ नका. ती मुळात मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी रेकॉर्ड. त्यात जे उमटलंच नाही ते जाड एलपी कुठून आणणार?

रंकाळा_३३
नंबर एकच निघाला, दोन्हींचा! तरी डेमोंचा मोह सुटत नाही. घेतलाच तर काय तपासू?

सुई_आणि_खाच
परत करायची मुदत संपायच्या आत आठही बाजू वाजवा. सुई चालू असताना आर्म (सुईचा दांडा) डावी-उजवीकडे डुलत असेल तर भोक मध्यावर नाही. पियानोच्या लांब सुरात ते लगेच कळतं. कापड टराटरा फाटल्यासारखा आवाज एकाच जागी आला तर प्लास्टिक साच्यात नीट भरलेलं नाही. ती जागा दिव्याखाली तिरकी धरली की फिकट रेघ दिसते. धुऊन ती जात नाही, फोटो काढून परतच करा.

तबकड्या बॉक्सच्या पुठ्ठ्याच्या खिशात ठेवू नका, काढता-घालता चरे पडतात. आतून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या पाकिटात घाला, उभ्या ठेवा. पीव्हीसीची बाहेरची पाकिटं टाळा, रेकॉर्डवर धुरकट डाग चढतो. आणि आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट लक्षात घेता बॉक्स भिंतीला टेकवू नका, पुस्तकाला पहिली बुरशी लागते.